मधला शनिवार

स्टाफरूममध्ये दरवर्षी एकदा हा प्रसंग ठरलेला. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून सगळे खुशीत असतात. कुणीतरी प्रेमाने हात पुढे करते आणि म्हणते, "सर, हॅपी गुड फ्रायडे!" सुरुवातीची काही वर्षे मी समजावून सांगत असे, की हा आमचा आनंदाचा दिवस नाही, येशूच्या मरणाचा दिवस आहे, त्या दिवशी आम्ही तीन वाजेपर्यंत अन्न घेत नाही. समोरचा बिचारा ओशाळून जाई आणि मलाच वाईट वाटे. आता मी हात हातात घेतो आणि "थँक्यू" म्हणतो. घोळ त्या 'गुड' शब्दाचा आहे. आमच्या जुन्या मंडळ्यांमध्ये 'उत्तम शुक्रवार' असे नाव आहे, पण त्यानेही प्रश्न सुटत नाही. उत्तम कशाने? त्याचे उत्तर रविवारी मिळते असे आम्ही पटकन सांगून टाकतो. ते इतके पटकन सांगणेच चुकीचे आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

नाताळ सगळ्यांना ठाऊक आहे. केक, चांदणी, सांताक्लॉज, शाळेतले नाटक. ईस्टर म्हटले की फार तर बेकरीतली रंगीत अंडी आठवतात. पण ख्रिस्ती श्रद्धेचा आधार नाताळ नव्हे. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान या दोघांनी येशूच्या जन्माची हकिगत सांगितलेलीच नाही. रिकामी कबर मात्र चौघांकडेही आहे. पौलाच्या पत्रांत बेथलेहेम नाही, गोठा नाही, मागी नाहीत. पण करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचे सांगणे पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. हे पत्र वधस्तंभाच्या घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेले, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात असताना. पंचवीस डिसेंबरला जन्मोत्सव साजरा होऊ लागला तो चौथ्या शतकात. पुनरुत्थानाचा सण त्याच्या कितीतरी आधीचा.

शेजारी आणखी एक प्रश्न विचारतात, तोही दरवर्षी. "तुमचा हा सण दर वेळी वेगळ्या तारखेला कसा हो?" याचे उत्तर द्यायला मला आवडते, कारण आपल्या माणसांना ते लगेच कळते. हा सण चंद्रावर चालतो. ज्यू लोकांचा वल्हांडण पौर्णिमेचा, आणि येशूला वधस्तंभावर दिले ते वल्हांडणाच्या दिवसांत. वसंतसंपात २१ मार्च धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. सगळ्यांनी एकाच रविवारी सण पाळावा हा निर्णय ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेचा. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ ला. २०२४ मध्ये होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच ३१ मार्चला ईस्टर आला. गल्लीत रंगांचे डाग वाळले नव्हते आणि आम्ही झावळ्या घरी ठेवून उत्तम शुक्रवारची तयारी करीत होतो.

असो. हे सगळे माहितीचे झाले. माहितीने श्रद्धा टिकत नाही, हे मला २०२१ साली कळले.

तो मे महिना

२०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता. लॉकडाऊन होता, मंदिराला कुलूप. पाळकसाहेबांनी मोबाईलवर उपासना घेतली, आम्ही हॉलमध्ये खुर्च्या मांडून, चांगले कपडे घालून बसलो. आईला ते सगळे गमतीचे वाटले. "उठला तेव्हा तरी कुठं मंडळी जमली होती? सगळे दारं लावूनच बसले होते की," असे ती म्हणाली. बरोबरच होते. योहानाने तसेच लिहिले आहे, शिष्य भीतीने दारे बंद करून बसले होते.

२०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला. तोंडाला मास्क लावून का होईना, आम्ही मंदिरात गेलो. दादाने त्या दिवशी गाण्यांच्या वेळी तबला वाजवला होता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दादा गेला. पन्नाशी नुकतीच उलटली होती.

त्या दिवसांत ज्यांच्या घरी हे घडले त्यांना पुढचे सांगायला नको. दवाखान्यातून परस्पर दफनभूमीत. निळ्या पिशवीत गुंडाळलेला देह, अंगभर पांढरा पोशाख घातलेली चार अनोळखी माणसे, दूर उभे आम्ही दोघे-तिघे, पाच मिनिटांची प्रार्थना. आईला नेलेच नाही. तिने मुलाचे तोंड पाहिले नाही. आंघोळ घातली नाही, कपडे बदलले नाहीत, पेटीत फूल ठेवले नाही. आमच्यात मेलेल्या माणसाला घरच्यांनी स्वच्छ करून, त्याचे चांगले कपडे घालून निरोप देतात. ते काही झाले नाही.

आई मंदिरात जाणे थांबली नाही. पण गाणे थांबले. पुस्तक हातात धरून ती नुसती उभी राही. जिला पन्नास-साठ गीते पाठ होती, तिच्या तोंडून शब्द निघेना. घरी बायबल होते त्याच कपाटात राहिले. भेटायला बायका येत. एक म्हणाली, "देवाची इच्छा, आपण काय करणार?" दुसरी म्हणाली, "विश्वास ठेवा मावशी, तो चांगल्या ठिकाणी आहे." आई त्यांना चहा देई. एकदाच बोलली. "तुमची लेकरं घरी आहेत बाई," एवढेच.

त्याहून वाईटही कानावर आले. एका प्रार्थनासभेत कुणीतरी म्हणे बोलले, की त्या घरात विश्वास कमी पडला, नाहीतर मुलगा वाचला असता. कोण बोलले ते मी शोधत बसलो नाही. पण त्या वाक्याने मला बरेच दिवस झोप येत नव्हती. कारण ते वाक्य कुणा एकाचे नव्हते. हल्ली भिंतीभिंतीवर सभांची पत्रके लागतात, आजार जाईल, कर्ज फिटेल, नोकरी लागेल, व्हिसा मिळेल. येशूचे नाव घेतले तरी हा व्यवहारच आहे. मी इतके देतो, तू तितके दे. व्यवहार फिसकटला की श्रद्धाही जाते, आणि माणसाला वर अपराधी वाटते ते वेगळेच. ज्यांनी अशा सभांतून श्रद्धा उचलली होती, त्यांतले कितीतरी जण त्या दोन वर्षांनंतर मंदिरात दिसेनासे झाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना शुक्रवार कुणी सांगितलाच नव्हता.

मार्कचा सोळावा अध्याय

२०२२ च्या ईस्टरला आई घरीच राहिली. आमच्या मंडळीत ईस्टरच्या पहाटेची उपासना दफनभूमीत होते. चार-साडेचारला निघायचे, हातात मेणबत्त्या, वाटेत भजने, टाळ आणि पेटी. एखादे कानडी गीतही होते, कारण आमची अर्धी मंडळी कानडी बोलणारी. तांबडे फुटता फुटता कबरींच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून शुभवर्तमान वाचायचे. "प्रभू उठला आहे" असे एकाने म्हणायचे आणि सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" असे उत्तर द्यायचे. आई म्हणाली, "मला नाही जमणार." आम्ही आग्रह केला नाही.

२०२३ मध्ये ईस्टरच्या दोन आठवडे आधी पाळकबाई घरी आल्या. बऱ्याच वेळ इकडचे तिकडचे बोलून त्यांनी आईच्या हातात एक चिठ्ठी दिली. पहाटेचे वाचन, मार्क, अध्याय १६. "तुमचा आवाज चांगला आहे, वाचाल ना?" आई नाही म्हणेल असे मला वाटले होते. तिने चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

नंतर रोज संध्याकाळी ती तो भाग वाचू लागली. पहिले काही दिवस मनातल्या मनात, मग हळू आवाजात. तीन बायका, मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. शब्बाथ संपल्यावर त्यांनी सुगंधी द्रव्ये विकत घेतली. उजाडता उजाडता कबरीकडे निघाल्या. वाटेत एकमेकींना विचारताहेत, की तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण सरकवणार.

एका संध्याकाळी आईने मला हाक मारली. "अरे, ह्या आंघोळ घालायला निघाल्या होत्या की!"

मी वर्गात शिकवणारा माणूस, बायबलचा अभ्यासही थोडाफार केलेला. हा अध्याय मी निदान शंभर वेळा ऐकला असेन. पण त्या बायका कशासाठी निघाल्या होत्या याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. आमची नजर सरळ रिकाम्या कबरीकडे, देवदूताकडे. त्या निघाल्या होत्या ते पुनरुत्थान पाहायला नव्हे. शुक्रवारी संध्याकाळ झाली, शब्बाथ सुरू व्हायच्या आत देह घाईघाईने कबरीत ठेवावा लागला. अरिमथाईच्या योसेफाने तागाच्या कापडात गुंडाळला, धोंड लावली, संपले. मार्कने सांगितल्याप्रमाणे त्या बायकांना हवे तसे काही करता आले नव्हते. राहिलेले काम करायला त्या निघाल्या होत्या. मेलेल्या माणसाची शेवटची सेवा. धोंड कशी सरकणार हे ठाऊक नसताना निघाल्या होत्या.

आईने पुढे वाचले. कबर उघडी, आत पांढरा झगा घातलेला तरुण, तो उठला आहे असा निरोप. आणि मग आठव्या वचनात त्या बायका थरथरत बाहेर पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. "मग पुढे?" तिने विचारले. पुढे बारा वचने आहेत. मी तिला खरे ते सांगितले, की मार्कच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या प्रतींत, पुढची वचने नाहीत. बहुतेक अभ्यासक मानतात की ती मागाहून जोडलेली आहेत. मार्कचे लिखाण आठव्या वचनाशी थांबते. भीतीवर.

मला वाटले होते तिला धक्का बसेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग बरोबर आहे."

तिने चष्मा काढला. "माझ्यासारख्याच होत्या त्या. ऐकलं सगळं, पण तोंडातून शब्द निघेना."

या एका वाक्याने मला जे कळले ते कुठल्या टीकाग्रंथाने कळले नव्हते. मार्कने पुनरुत्थानाची पहिली बातमी ज्यांच्याकडे दिली त्यांना गाता आले नाही, ओरडता आले नाही. त्या काळच्या ज्यू न्यायव्यवहारात बायकांच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. बनावट कथा रचायची असती तर कुणी बायकांना साक्षीदार केले नसते, आणि त्यातही घाबरून पळणाऱ्या बायकांना तर नाहीच. तरी चारही शुभवर्तमानांत कबरीजवळ आधी त्याच पोचतात. श्रद्धा म्हणजे धीट चेहरा, असा आमचा समज कुठून झाला कोण जाणे.

जखमा गेल्या नाहीत

पुढच्या गोष्टीही अशाच आहेत. बाकीचे शिष्य सांगतात तेव्हा थोमा विश्वास ठेवायला नकार देतो. खिळ्यांचे वण पाहीन, त्यांत बोट घालीन, मगच. शतकानुशतके त्याला 'संशयी' म्हणून हिणवले गेले. (परंपरा सांगते की हाच थोमा सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला. म्हणजे आपल्या देशातल्या ख्रिस्ती श्रद्धेची सुरुवातच एका प्रश्न विचारणाऱ्या माणसापासून होते, हे मला नेहमी बरे वाटते.) पण थोमा मागतो काय ते पाहा. तेज मागत नाही, चमत्कार मागत नाही. तो जखमा मागतो. ज्याला मी मरताना ऐकले तोच हा आहे काय? आणि येशू त्याला रागावत नाही, हात पुढे करतो. उठलेल्या देहावर वण आहेत. देवाने ते पुसून टाकले नाहीत.

हे नीट समजून घेतले तर शोक करणाऱ्या माणसाला काय सांगायचे आणि काय नाही, हे आपोआप ठरते. ईस्टर झाला म्हणून शुक्रवार घडलाच नाही असे होत नाही. "तो चांगल्या ठिकाणी आहे, रडू नका" हे वाक्य पुनरुत्थानाचे नाही. स्वतः येशू लाजराच्या कबरीजवळ रडला होता, आणि तो तर त्याला उठवणार होता!

अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे मला सर्वांत जवळचे वाटतात. लूकने चोविसाव्या अध्यायात सांगितलेली ही गोष्ट. यरुशलेमपासून अकरा-बारा किलोमीटरवरचे गाव, दोघे खाली मान घालून चालले आहेत. वाटेत कुणी अनोळखी सोबतीला येतो. त्याला ते सांगतात, की आम्हाला फार आशा होती. भूतकाळ. व्याकरण शिकवणारा मास्तर म्हणून मला तो भूतकाळ फार बोचतो. घरात कुणी गेले की पहिल्यांदा क्रियापदेच बदलतात. दादा तबला वाजवतो, याचे वाजवायचा होते. त्या दोघांना अनोळख्याची ओळख पटते ती उपदेश ऐकून नव्हे. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो भाकर हातात घेऊन मोडतो, तेव्हा पटते. जेवणाच्या पाटावर.

आणि या सगळ्याच्या आधी शनिवार आहे. शुभवर्तमानांत या दिवसाबद्दल जवळजवळ काहीच नाही. मत्तय कबरीवर बसवलेल्या पहाऱ्याचे सांगतो. लूक एका ओळीत म्हणतो, बायकांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. बस्स. देव मेला आहे आणि उद्या काय होणार हे कुणालाही ठाऊक नाही, असा तो दिवस. कॅथलिक बांधवांनी हा दिवस जपला आहे. गोव्यात माझ्या मामेबहिणीच्या सासरी मी एकदा पवित्र आठवड्यात राहिलो होतो. गुरुवारच्या मिस्सानंतर वेदी उघडी केली, घंटा बंद, घंटेऐवजी लाकडी खटखट वाजवली. शनिवारी दिवसभर मिस्सा नाही. रात्री अंधारात नवा विस्तव पेटवला, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या. तो अंधार खरा होता म्हणून उजेडही खरा वाटला. आमच्या मंडळ्यांमध्ये शनिवार म्हणजे इस्त्री करण्याचा, मटण सांगून ठेवण्याचा आणि कुंदा आणण्याचा दिवस. आम्ही शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत सात उद्गारांवर सात उपदेश ऐकतो आणि बाहेर पडता पडता "आता परवा भेटू, पहाटे" म्हणतो. मधला दिवस गळून पडला आहे. खरे तर आपले आयुष्य बहुतेक त्याच दिवसात जाते.

दोन मराठी आधार

मराठीत ही कथा पहिल्यांदा पूर्णपणे सांगितली ती एका इंग्रज माणसाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, जवळजवळ अकरा हजार ओव्या. दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र, मरण आणि पुनरुत्थान आले आहे. सतराव्या शतकातल्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदी घालण्याचा हुकूम काढला. तरी हाताने उतरवलेल्या प्रतींतून हे पुराण घराघरांत जगले आणि १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सल्डान्हा यांनी ते पुन्हा छापले. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, ती कैद १७९९ पर्यंत चालली. त्या पंधरा वर्षांत पाठ असलेल्या या ओव्यांनी कैद्यांना धीर दिला, असे सांगितले जाते. पुस्तक नाही, पाद्री नाही, मंदिर नाही. तोंडात बसलेली ओवी मात्र काढून घेता येत नाही. मुलांना पाठांतर कशाला, असे हल्ली विचारतात, तेव्हा मला हे आठवते.

दुसरा आधार पंडिता रमाबाईंचा. त्यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्यातली मरणे ओळीने मांडून पाहा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात भटकंती करीत असताना वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी लग्न केले, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा, स्वतःचे वय तेवीस. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांनी ख्रिस्ताकडे पाहिले ते सगळे दफन-दहन उरकल्यानंतर. आयुष्य सोपे होईल या आशेने पाहिले असे म्हणायला जागाच नाही. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले. दुष्काळाने ज्यांचे आईबाप घेतले अशा मुलींना आईबाप गमावलेल्या बाईने जेवू घातले.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायचे काम हाती घेतले. अडाणी बाईलाही कळावे अशी भाषा. छपाई केडगावलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली आणि बायका. हे काम चालू असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. चाळिशीतली, आईचा उजवा हात, संस्थेची वारस. रमाबाईंना कमी ऐकू येत होते, प्रकृती खालावली होती. त्यांनी लिखाण थांबवले नाही. शेवटची मुद्रिते तपासायला त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, असे केडगावची मंडळी सांगत आली आहेत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्या वर्षीचा ईस्टर १६ एप्रिलला होता. अकरा दिवस आधी.

मुलगी गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत रमाबाईंच्या मनात काय चालले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. तो त्यांचा शनिवार. त्यांनी त्या शनिवारी बसून मुद्रिते तपासली. टिकणारी श्रद्धा म्हणून कुणी मला उदाहरण विचारले तर मी सभेतला साक्ष देणारा माणूस दाखवणार नाही, ही मुद्रितांवर वाकलेली म्हातारी दाखवीन.

घरात काय करायचे

एवढे वाचल्यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, पण मुलांना हे शिकवायचे कसे? रविवारच्या शाळेत आम्ही त्यांना अंडी रंगवायला देतो. त्यात वाईट काही नाही. पण आमच्या घरी आम्ही दोन गोष्टी बदलल्या. शनिवारी संध्याकाळी टीव्ही लावत नाही. दिवे कमी करतो, साधी पेज आणि लोणचे खातो आणि त्या वर्षी जे गेले त्यांची नावे घेतो. नात्यातली, गल्लीतली, कॉलेजमधली, ख्रिस्ती असोत नसोत. दादाच्या नावानंतर पहिल्या वर्षी कुणीच बोलले नाही. आता कुणीतरी त्याची एखादी गंमत सांगते. दुसरी गोष्ट, मुलांच्या प्रश्नाला "मोठा झालास की कळेल" असे उत्तर द्यायचे नाही.

हे दुसरे फार अवघड निघाले. धाकट्याने मागे विचारले, "मोठे काका कधी उठणार?" वय वर्षे सात. मी पौलाचा पंधरावा अध्याय आठवला, बीज पेरतात ते, देह वेगळा, वैभव वेगळे. यातले सात वर्षांच्या मुलाला काय सांगावे? मी म्हणालो, "कधी ते मला माहीत नाही. उठणार असे आपण मानतो." तो म्हणाला, "आजीला माहीत असेल." आणि खेळायला पळाला.

९ एप्रिल २०२३ च्या पहाटे आईने वाचले. मेणबत्तीचा उजेड पुरेना म्हणून मी मोबाईलचा दिवा पुस्तकावर धरला होता. आवाज दोन ठिकाणी चिरकला. आठव्या वचनावर तिने पुस्तक मिटले. पुढचे तिने वाचले नाही, आणि पाळकसाहेबांनीही पुढचे वाचायला सांगितले नाही. थोडा वेळ शांतता होती, कुठेतरी कोंबडा आरवला. मग पेटीवर गीत सुरू झाले. आई गायली का, हे मी मुद्दाम पाहिले नाही. ती माझ्या मागे उभी होती.

उपासना संपली, लोक चहाला वळले. आईने पिशवीतून एक फडके, साबणाची वडी आणि नारळाची शेंडी काढली. हे तिने घरून आणले होते आणि आम्हाला सांगितले नव्हते. दादाच्या कबरीवर साधी शहाबादी फरशी आहे, दोन पावसाळ्यांचे शेवाळ चढलेले. ती गुडघ्यांवर बसली, आधी नावाची अक्षरे घासली, मग कडा, मग पायाकडची बाजू. कुणालाही हात लावू दिला नाही. पाण्याची बादली तेवढी माझ्याकडे होती. एका बादलीत भागेना, म्हणून मी दोनदा फाटकाजवळच्या नळावर गेलो आणि भरून आणली.